काठी नंतर, आधी पाय

लातूरहून लाल गाडीनं चाकूर, अहमदपूर, लोहा करीत आम्ही उभयता कन्येला घेऊन नांदेडला उतरलो. पाहुण्यांकडचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून संध्याकाळी सचखंड गुरुद्वारा पाहायला गेलो. गुरू गोविंदसिंगजींचं निधन १७०८ साली इथंच, नांदेडला झालं. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवली. गुरूंची शस्त्रं आत जपून ठेवली आहेत.

बाहेर मैदानात मुलं-मुली गतका खेळत होती. एका हातात सोटी, दुसऱ्यात छोटी ढाल. कन्या तिथंच खिळली. तिचं कारण आम्हाला ठाऊक होतं. बारावीच्या क्लासहून रात्री येताना दोन पोरं गाडीवरून मागं लागत. आम्ही तिला सांगितलं होतं, रस्ता बदल. खरं म्हणजे तेच सांगितल्याची आम्हाला लाज वाटत होती.

शिकवणारे वयस्कर सरदारजी चांगलं मराठी बोलत. तिनं काठी मागितली. ते म्हणाले, "काठी नंतर, बेटा. आधी पाय." पायांच्या चालीला ते पैंतरा म्हणतात, तोच आपला पवित्रा. अर्धा तास त्यांनी तिला नुसतं चालवलं. वर आलेला खांदा बोटानं खाली दाबला. "जोर मनगटात शोधू नको. टाचेतून उठव, कंबरेतून वळव."

आपल्या दांडपट्ट्याचंही तसंच. पट्ट्याच्या खोबणीत हात कोपरापर्यंत जातो, मनगट बांधलं जातं. मग फिरायला खांदा आणि कंबरच उरते. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतिराव फुले हेच शिकले. चीनमध्येही आधी रिकाम्या हातानं घोडेस्वारासारखी बैठक, मग काठी, तलवार, भाला. अंग तेच, हत्यार तेवढं लांबतं. तिथल्या शाओलिन विहारातले भिक्खू तर काठीसाठीच नावाजलेले. हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींचा विरोध निम्मा मावळला.

गतका आता सरकारदरबारीही खेळ आहे. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो होता.

लग्नघरी कन्या गच्चीवर पैंतरा घोकत राहिली. नवरदेवाची आत्या म्हणाली, "पोरीला काय झालंय?" आम्ही म्हटलं, "अभ्यास चाललाय."

लातूरला परतल्यावर रस्ता बदलला नाही. पहिले आठ दिवस आम्ही स्वतः क्लासच्या दाराशी उभे राहिलो. घरी पलंग भिंतीला सारून तिला जागा करून दिली. ट्यूबलाइट फुटली ती तिसऱ्या दिवशी.