घोडनदी ते दौंड

आई देवाघरी गेल्याला वर्ष होत आले, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी ठरवले की एक दिवस काढून शिरूर आणि दौंड पाहून यायचे. कुणी विचारले असते, तर बालपणीच्या जागा पाहायला निघालो आहोत, असेच आम्ही सांगितले असते. खरे कारण पिशवीत होते : वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेणबत्ती.

आमचे वडील दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. आम्ही जन्मलो, वाढलो ते तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये. १९६८ साली आमची धाकटी बहीण तीन महिन्यांची होऊन तापाने गेली. त्या घरात आईला राहवेना. ती शिक्षिका होती. तिने शिरूरला बदली मागून घेतली आणि आमचे बिऱ्हाड घोडनदीच्या काठी गेले. वडील सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने येत.

म्हणून आधी शिरूर. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. आमच्या भाड्याच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. खाली मोबाइलचे दुकान. ज्या वाळूत आम्ही किल्ले केले, ती वाळू नाही. नदीपलीकडचा जिल्हा तेवढा जागेवर आहे, त्याचे नाव मात्र नगरचे अहिल्यानगर झाले आहे. आम्ही काठावर बसलो आणि आईने सांगितलेली एक गोष्ट दोघांनाही एकदमच आठवली.

शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईला गेलेली पलटण ३१ डिसेंबर १८१७ रोजी इथूनच निघाली होती. त्याआधी, १८०९ साली, कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी इथे वारला. गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ मानले. सुगीच्या वेळी आसपासच्या खेड्यांतले लोक नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणीत, अशी नोंद १८८५ च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये आहे. परदेशी, परधर्मी माणूस. ना नात्याचा ना गोत्याचा. आई ही गोष्ट वर्गात सांगे, घरीही सांगे. आणि सांगून झाली की काही वेळ गप्प राहत असे. त्या गप्प राहण्याचा अर्थ तेव्हा आम्हांला कळला नाही. ती कबर पाहून यावे असे मनात आले, पण दिवस मावळण्याआधी दौंड गाठायचे होते. उठलो.

न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून केडगावला आलो. इथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. आम्ही कॅथॉलिक, ते प्रोटेस्टंट. पण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणणाऱ्या या बाईंविषयी आईला अपार आदर होता. त्यांची एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली आणि पुढल्याच वर्षी, ५ एप्रिलला, रमाबाईही गेल्या. केडगावला गाडी थांबली की आई खिडकीतून हात जोडी. आम्हीही फाटकाशी क्षणभर थांबलो आणि मग पॅसेंजर धरली.

दौंडविषयी किती लिहावे! १८७८ साली मनमाडचा मार्ग सुरू झाला आणि हे गाव जंक्शन झाले. पुण्याकडून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढ्या वेळात सगळे फलाट चहा पिऊन घेई. बारामतीची छोटी गाडी एका बाजूला खेळण्यासारखी उभी असे. रात्री-अपरात्री कॉलबॉय येऊन ड्रायव्हरांची दारे ठोठावी आणि सगळी आळी जागी होई. दोरीवरच्या धुण्यावर कोळशाची कणी पडे. आई वैतागे, आम्हांला मात्र तो वास अजून हवाहवासा वाटतो. आता वाफेची इंजिने गेली, बारामतीचा रूळ रुंद झाला, आणि कित्येक गाड्या कॉर्ड लाईनवरून परस्पर निघून जातात, त्या दौंडच्या फलाटाला शिवतही नाहीत.

आम्ही तरी काय वेगळे केले?

वाचकहो, इथे एक कबुली द्यायची आहे. लहानगीच्या कबरीवर शेडमधल्या लोहाराने भंगारातल्या पट्ट्यांचा क्रूस करून दिला होता. म्हातारपणी आईला चालवेना, तेव्हा ती दर नोव्हेंबरात विचारी, “क्रूसाला रंग दिला का रे?” आमच्यापैकी एकाने सांगितले, ताईने दिला. दुसरीने सांगितले, दादाने दिला. दोघेही दौंडवरून कितीदा गेलो, उतरलो एकदाही नाही. आई समाधानाने “बरं झालं” म्हणे. पंधरा वर्षे आम्ही तिला ते म्हणू दिले.

आमच्या क्वार्टरचे फक्त जोते उरले आहे. तिथे फार थांबलो नाही. दफनभूमीत शिरलो तेव्हा उन्हे कलली होती. वडिलांनी सांगितलेली खूण भिंतीजवळच्या कडुलिंबाची. कडुलिंब दोन होते. क्रूस एकही नव्हता. गवत बाजूला सारून आम्ही बराच वेळ शोधले, हात काट्यांनी ओरबाडले.

शेजारच्या कबरीवर पाणी शिंपडणारी एक वृद्ध बाई आम्हांला पाहत होती. “कुणाची शोधता?” तिने विचारले. आम्ही सांगितले. ती म्हणाली, “लेकरं सगळी या भिंतीकडंच. कुणाचं कोण ते आता कुणालाच ठावं नाही. दोन नोव्हेंबरला आमच्या मेणबत्त्या उरल्या, की आम्ही इथं लावतो.”

“कधीपासून?”

“माझी सासू लावायची. मग मी.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. ताईने पिशवीतली मेणबत्ती काढली आणि कुठे लावावी ते न कळून तशीच उभी राहिली. मग उंचवटे मोजले. दिसण्यासारखे नऊ होते.

“बाजारातलं दुकान उघडं असेल अजून,” बाई म्हणाली.

दादा आठ मेणबत्त्या आणायला गेला. परतीची गाडी त्यामुळे चुकली. पुढची रात्री उशिरा होती.