पोथीतल्या चिठ्ठ्या

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी तास असायचे. बाक कॉलेजच्या पोरांचे, बसणारे चाळिशी-पन्नाशीचे. एक एसटीचे कंडक्टर, दोन अंगणवाडीताई, मी आणि माझ्या शेजारी काकू. वय 54, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. दहावीनंतर लगेच लग्न झालेलं. बारावी नसलेल्यांसाठी तेव्हा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता, तो पार करून त्या बी.ए.ला आल्या होत्या. 1989 साली नाशिकला हे विद्यापीठ निघालं ते अशांसाठीच.

एकादशी रविवारी आली की काकूंचा डबा वेगळा. आमचा वडापाव, त्यांची भगर. शेंगदाण्याचा लाडू मात्र सगळ्यांच्या हातावर पडायचा.

अभ्यासाची बैठक त्यांना शिकवावी लागली नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या सात दिवसांच्या पारायणात, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास वाचायची सवय! अडायचं ते 'चर्चा करा' या दोन शब्दांपाशी. पोथी वाचायची, फार तर पाठ करायची; तिच्याशी चर्चा कसली करायची?

मग तो तास आला. समंत्रक सरांनी शिवरामबुवा भारद्यांचं नाव घेतलं. 1898च्या सुमारास 'सुधारक'मधून 'भारद्वाज' या टोपणनावाने त्यांनी मांडलं होतं की ज्ञानेश्वरी लिहिणारा एक आणि अभंग रचणारा दुसरा. ज्ञानेश्वरीत विठ्ठल कुठे आहे, हा त्यांचा एक मुद्दा. काकूंनी पेनाला टोपण लावलं. पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी. गेल्या बाई, असंच मला वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्या आल्या त्या पिवळ्या फडक्यात बांधलेली ज्ञानेश्वरीची साखरे प्रत घेऊन. बसायच्या आधीच विचारलं, "सर, मग नाथमहाराजांनी केलं ते काय होतं?"

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. हे काकूंना लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त त्याला संपादन म्हणतात हे ठाऊक नव्हतं. सर खुलले. मग सोनोपंत दांडेकरांचा विषय निघाला. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि जोगमहाराजांच्या तालमीतले कीर्तनकार. ज्ञानेश्वरीची प्रत त्यांनीही सिद्ध केली. "म्हणजे दांडेकरमामांनी दोन्ही केलं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी टोपण काढलं.

त्यानंतर ग्रंथालयातून इतिहासकार राजवाड्यांनी छापलेली ज्ञानेश्वरीची 1909ची प्रत आली. राजवाडे तिला एकनाथांच्या आधीची मानत. तिची भाषा काकूंना खडबडीत लागली. "अगं, हे म्हणायला जीभ वळत नाही." पण रात्री हरिपाठ झाला की दोन्ही प्रती शेजारी. पोथीवर पेन्सिल टेकवायची त्यांची छाती नव्हती, म्हणून शब्द वेगळा दिसला की चिठ्ठी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या चिठ्ठ्या. महिनाभरात पोथी फुगली, फडक्याची गाठ बसेना.

परीक्षेत नेमका भारद्यांवर प्रश्न आला. काकूंनी त्यांची बाजू पानभर लिहिली, मग दुसरी. बाहेर आल्यावर मी खोदून विचारलं, तुम्हाला स्वतःला काय पटलं?

"पेपरात दोन असले तर असूदेत. दोघांनाही नमस्कार."

मला ते जरा सोपं वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. त्या काहीच बोलल्या नाहीत.

श्रावणात त्यांच्याकडे पारायणाला गेले होते. बाराव्या अध्यायात आवाज एकदम थांबला. बायकांनी वर पाहिलं. काकूंचं बोट एका ओवीवर होतं आणि दुसऱ्या हाताने त्या आसनाखाली काहीतरी चाचपत होत्या. मी पर्समधलं एसटीचं तिकीट पुढे केलं. ते त्यांनी पानात घातलं आणि पुढची ओवी उचलली.