शनिवारची ओपीडी

३ जुलै २०२४, बुधवार

रात्री साडेनऊला अमेरिकेतून एका रुग्णाच्या मुलाचा फोन. काल तिकडे अल्झायमरवरच्या डोनानेमॅब या औषधाला मान्यता मिळाली. बातमी वाचून त्याने लगेच विचारलं, बाबांसाठी ते इकडे आणता येईल का? बाबा साताऱ्यात, आईच्या भरवशावर. गेल्या दिवाळीपासून त्यांना स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडत नाही.

हे औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे, बाबा त्या टप्प्याच्या बरेच पुढे गेलेत, असं त्याला सांगितलं. तो इंजिनिअर, त्याला आकडे हवे होते. मग याच जातीच्या लेकॅनेमॅबचे दिले. दीड वर्षाच्या चाचणीत औषध घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची, दोघांचीही घसरण झालीच. अठरा गुणांच्या मापनपट्टीवर दोन गटांत फरक पडला ०.४५ गुणांचा. मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन मात्र दोन्ही औषधांनी खरोखर कमी होतं. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय काढावा लागतो. आजाराच्या मुळाशी हात घालणारं काहीतरी अखेर आलं, याचं मोल मी कमी मानत नाही. पण ०.४५ हा फरक घरात बसून दिसेल का, याबद्दल मला शंका आहे.

"मग मी इथून काय करू?" असं त्याने विचारलं. रात्रपाळीला माणूस ठेवायचे पैसे पाठव म्हटलं. आई कित्येक महिने सलग झोपलेली नाही.

६ जुलै, शनिवार

पालखीमुळे रस्ते अडलेले, ओपीडी विरळ. त्यामुळे एकेकाला नीट वेळ देता आला.

निवृत्त शाळामास्तरीण, माळकरी, अडुसष्ट वर्षांच्या. मुलगा म्हणाला, "मॅडम, आई सहा-सात महिन्यांत पार बदलली. तेच तेच विचारते. सगळे म्हणतात, वय झालं, चालायचंच." हे 'चालायचंच' मी रोज ऐकते. अडुसष्टाव्या वर्षी सहा महिन्यांत बदललेल्या माणसाचं काहीही चालायचंच नसतं.

मुलाने एमआरआय आधीच काढून आणला होता. अहवालात 'वयानुसार मेंदू किंचित आक्रसलेला', म्हणजे या वयाच्या निम्म्या अहवालांत असतं तेच. फिल्म बाजूला ठेवून मी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. ही माझी जुनी सवय. पिशवीत निघालं ते असं: मधुमेहाची मेटफॉर्मिन, अनेक वर्षांची. ॲसिडिटीची गोळी, तीही अनेक वर्षांची, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेली. जन्मभर शाकाहार, दूधही फारसं नाही. तळपायांना मुंग्या, जीभ लालगुळगुळीत, डोळे मिटून उभं केलं की झोक जातो. बी-१२ मुळात आहारातून कमी येणार आणि जे येईल तेही या दोन गोळ्या नीट शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन ठीक होतं म्हणून आधी कुणाला संशय आला नाही. पण बी-१२ची कमतरता रक्त सोडून थेट नसा आणि मेंदू धरते, असं पुष्कळदा होतं.

रक्ततपासणी लिहिली, सोबत थायरॉइडही. विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला या दोन तपासण्या लिहिते. स्वस्त आहेत, आणि सापडलंच काही तर उपाय आहे.

१४ जुलै, रविवार

सुट्टीच्या दिवशी धावपळ. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ सकाळी विहिरीत पोहायला गेले. वर आले आणि "मी इथे कसा आलो?" म्हणू लागले. सांगितलं की मान हलवायचे, पाच मिनिटांनी तोच प्रश्न, त्याच सुरात. बायकोला ओळखत होते, पत्ता सांगत होते, स्कूटरची किल्ली कुठे असते तेही माहीत. नवीन काही टिकत नव्हतं, एवढंच. बायको हादरलेली. पक्षाघात आणि फिट नाही याची खात्री करून घेतली आणि त्यांना नजरेखाली ठेवलं. दुपारी तीनच्या सुमाराला प्रश्न विरळ झाले, संध्याकाळी थांबले. हा चोवीस तासांच्या आत आपोआप ओसरणारा स्मृतिलोप. गार पाण्यात बुडी हे त्याचं एक ओळखीचं निमित्त आहे. सकाळचे ते तास मात्र त्यांना परत मिळणार नाहीत, ते मेंदूत नोंदलेच गेले नाहीत. बायकोला ते तास जन्मभर आठवतील.

२० जुलै, शनिवार

माण तालुक्यातल्या आजी, पंच्याहत्तरीच्या. शाळा पाहिलेली नाही. दुसरीकडे कुठेतरी तीस गुणांची चाचणी घेऊन 'स्मृतिभ्रंश' असं लिहून दिलेलं. गुण चौदा.

मी विचारलं, आज तारीख काय? आजी म्हणाल्या, "तारीख कशाला पायजे, पोरी? बुधवारी एकादस झाली. उद्या पुनव." बिनचूक. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं होतं म्हणे, ते जमलं नाही. शेळ्यांचा हिशेब विचारला. किती होत्या, दोन विकल्या, एक व्यायली, आता किती, आणि त्यातली कुठली कुणाची, सगळं आलं. नातसून शेजारी हसत होती. तिलाच विचारलं, आजी घरात काय विसरतात? "काय न्हाय. ऐकू कमी येतं, म्हणून सारखं सारखं इचारत्यात."

ती तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली, लिहितावाचता येणाऱ्या माणसांसाठी. आपल्याकडे हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात निरक्षर खेडुतांसाठी ती हिंदीत नव्याने बांधली. 'डोळे मिटा' असं लिहिलेलं वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटून दाखवायचे आणि 'मी करतो तसं करा' म्हणायचं. एक वाक्य लिहा, याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. इतकं साधं आहे हे. तरीही घाईच्या ओपीडीत मूळ कागदच पुढे सरकवला जातो आणि न शिकलेल्या बाईला न शिकल्याचे गुण मिळतात.

निदान खोडलं. कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

२७ जुलै, शनिवार

आज बरोबर उलटा प्रकार. दिवाणी कोर्टात चाळीस वर्षं काढलेले वकील. तीसपैकी अठ्ठावीस. घड्याळ सुरेख काढलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर नेमके. "डॉक्टर, मला काही झालेलं नाही, हिच्या समाधानासाठी आलोय." बायको खाली मान घालून गप्प.

आपल्याकडे बायको नवऱ्यासमोर नवऱ्याचं उणं सांगत नाही. म्हणून वजन आणि रक्तदाबाच्या निमित्ताने त्यांना सिस्टरबरोबर पाठवलं. दार लागल्यावर बाई बोलायला लागल्या. वीजबिल तीनदा भरलं. पस्तीस वर्षांच्या जुन्या अशिलाला 'आपण कोण' म्हणाले. फायली चाळतात, पण युक्तिवाद ज्युनिअर लिहितो, गेल्या वर्षापासून. भाजी आणायला जातात आणि मंडईतून फोन करतात, काय आणायचं होतं? फोन ठेवून पुन्हा करतात. मुलांना हे पटत नाही, कारण फोनवर बाबा अगदी फर्डे बोलतात.

शिकलेला, बोलका मेंदू पुष्कळ दिवस पडझड झाकून ठेवतो. अठ्ठावीस गुण त्यांच्या शिक्षणाचे होते. आजार त्यांच्या बायकोच्या सांगण्यात होता. मला विचाराल तर या शाखेत निदानाचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे नीट पाहणारं, रोज सोबत राहणारं एक माणूस. आणि त्याला एकटं गाठून विचारणारा डॉक्टर. मूळचे कसे होते आणि आता कसे आहेत, हा फरक कुठल्याही यंत्रातून निघत नाही.

विस्तृत चाचण्या लिहिल्या, दोन-तीन तासांच्या. बँकेची कागदपत्रं आणि मृत्युपत्र आत्ताच मार्गी लावा, असं दोघांना समोर बसवून सांगितलं. हे ते स्वतः ठरवू शकतात अजून. "मी वकील आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माझंच करायचं राहिलंय."

१७ ऑगस्ट, शनिवार

मास्तरीणबाई आल्या. बी-१२ फारच कमी निघालं होतं, इंजेक्शनं चालू आहेत. बोलणं चटपटीत झालंय, विचारलेलं पुन्हा विचारत नाहीत. तळपायाच्या मुंग्या मात्र आहेत, त्या कदाचित पूर्ण जाणार नाहीत. मुलगा पेढे घेऊन आला होता. मधुमेही रुग्णाच्या नावाने पेढे.

२९ ऑगस्ट, गुरुवार

वॉर्डात रात्री बोलावणं. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले आजोबा सलाइन उपटून 'गाडी सुटेल' म्हणत उठत होते. परवापर्यंत रोज पेपर वाचणारा माणूस. नातेवाईक म्हणाले, याला स्मृतिभ्रंश झाला.

स्मृतिभ्रंश एका रात्रीत होत नाही. रक्तातलं सोडियम घसरलेलं, लघवीत जंतुसंसर्ग, वर झोपेसाठी कुणीतरी सर्दीची गुंगी आणणारी गोळी दिलेली. ती गोळी बंद केली, बाकीचं सुधारायला घेतलं. चष्मा आणि कानाचं यंत्र घरून मागवलं, खिडकीजवळचा पलंग दिला, आणि रात्री ओळखीचंच माणूस जवळ ठेवायला सांगितलं. हात बांधू नका, हे दोनदा बजावलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपतीचा आठवडा. माहेरवाशिणी गावी आलेल्या, त्यामुळे आज एका घरातलं मोठं बिऱ्हाडच समोर बसलं होतं. सासूबाई, सून आणि तीन नणंदा.

तक्रार नणंदांची होती, सुनेबद्दल. आई सांगते, सून दागिने चोरते, जेवायला देत नाही. गौरीला घालायचा लक्ष्मीहार सापडला नाही आणि घरात रण माजलं. हार नंतर तांदळाच्या डब्यात निघाला. तो तिथे सुनेनेच लपवला, असं सासूबाईंचं म्हणणं. भावकीत, गल्लीत सगळीकडे हे पसरलेलं. सून बी.कॉम., नोकरी सोडून तीन वर्षं यांचं करतेय. ती काही बोलली नाही. बोटाने ओढणीचा काठ गुंडाळत होती.

तिला बाहेर घेऊन विचारलं. आत्या दोनदा कणीक मळतात. भाकरी आजही अशी थापतात की कडेला एक चीर पडत नाही, पण झालेल्या भाकऱ्या झाकून ठेवतात आणि पुन्हा पीठ घेतात. 'जेवायला दिलं नाही' म्हणतात तेव्हा ताट नुकतंच उचललेलं असतं.

हाताची स्मृती वेगळी आणि घडलेल्या गोष्टीची वेगळी, हे विज्ञानाला एका माणसाने शिकवलं. हेन्री मोलेसन. १९५३ साली फिट थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे आतले भाग काढले, हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग त्यात गेला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला नवीन घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. पण आरशात बघून चांदणी गिरवायला ब्रेंडा मिलनरबाईंनी शिकवलं, तेव्हा त्याचा हात रोज सुधारत गेला. हे आपण आधी केलंय, हे मात्र त्याला दरवेळी नवीन असायचं. या सासूबाईंची भाकरी शाबूत आहे आणि जेवण पुसलं जातंय, ते याच वाटेने.

वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, वस्तू तर जागेवर नाही, मग मेंदू रिकामी जागा भरतो: कुणीतरी नेली. कुणी? जो सतत जवळ असतो तो. १९०१ साली फ्रँकफर्टला अलॉइस अल्झायमरसमोर आणलेल्या ऑगुस्ट डेटर या बाईचा आजारही नवऱ्यावरच्या संशयापासून सुरू झाला होता. ती तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती.

सगळ्यांना आत घेतलं आणि नणंदांकडे बघत सांगितलं: आईंना आजार आहे, चोरीचा आळ हे त्या आजाराचं लक्षण आहे, पुस्तकात छापलेलं. तुमच्यापैकी जी इथे राहील तिच्यावर तोच आळ येईल. धाकटी नणंद रडायला लागली. मोठी म्हणाली, "म्हणजे हिने काही केलंच नाही?" सुनेने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

डोनेपेझिल कमी मात्रेत सुरू केलं, सकाळी, नाहीतर रात्री भलती स्वप्नं पडतात. नाडी मंद होते का, जुलाब होतात का, लक्ष ठेवायला सांगितलं. पिशवीत वारंवार होणारी लघवी रोखायची एक गोळी होती. ती मेंदूतल्या त्याच रसायनाला अडवते, जे डोनेपेझिल टिकवू पाहतं. ती काढली. भांडू नका, 'मी नाही घेतला' असं सिद्ध करत बसू नका, 'चला, शोधू' म्हणा. खरे दागिने लॉकरमध्ये, बेन्टेक्सचे हाताशी. गोळीने काहींना थोडाफार उतार पडतो, बऱ्याच जणांना पडत नाही. आज त्या घराला मिळालेल्या उपचारांत नणंदांचं ऐकून घेणं हाच मोठा होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

अल्झायमर दिन, म्हणून ज्येष्ठ नागरिक संघात भाषण. ३१ जुलैला लॅन्सेटच्या आयोगाचा नवा अहवाल आलाय. टाळता किंवा बदलता येण्याजोगी चौदा कारणं त्यात आहेत. जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार त्यांच्याशी जोडता येतो. यंदा दृष्टिदोष आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल यांची भर पडली. मी कान, रक्तदाब, साखर, तंबाखू, डोक्याला मार एवढ्यांवरच बोलले. हेल्मेटचं सांगितल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

प्रश्न ठरलेले. बदाम किती? शब्दकोडी रोज सोडवली तर? ब्राह्मी? 'अस्तु' सिनेमात मोहन आगाशेंना झाला तोच का हा आजार? हो, तोच. कानाच्या यंत्राबद्दल कुणी विचारलं नाही. लोकांना चष्म्याची लाज वाटत नाही, यंत्राची वाटते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लक्ष्मीहारवाल्या घरातून मोठ्या नणंदेचा फोन. आईला महिनाभर सांगलीला नेते म्हणाली, वहिनीला विसावा मिळेल. मी सांगितलं, घर बदललं की गोंधळ वाढतो, न्हाणीघर, दरवाजे, दिवा, सगळंच अनोळखी होतं. जमलं तर तुम्हीच इकडे या.

तासाभराने तिचा पुन्हा फोन. दसऱ्यानंतर पंधरा दिवस ती येऊन राहील, मग मधली. वहिनीने जुन्या ऑफिसात चौकशी केलीय, अर्धवेळ काम मिळतंय. आणि आईने काल तिच्यावरही फोनवर आळ घेतला, नथीचा. "तुम्ही म्हणालात तसंच झालं, मॅडम," ती म्हणाली. "मी म्हटलं, चल, शोधू."

पुढची तारीख डिसेंबरची दिली. येताना पिशवी आणायला सांगितली.