शेरा

प्रगतिपुस्तकाच्या शेवटी एक अरुंद रकाना असतो. त्याच्यावर 'शेरा' असे छापलेले असते. गुण भरताना शिक्षकाला निदान बेरीज तपासावी लागते. या रकान्यात मात्र तो मनाला येईल ते लिहू शकतो. बत्तीस वर्षे मी हा रकाना भरला. 'अभ्यासू', 'हस्ताक्षर सुधारावे', 'खेळकर' — चाळीस मुलांच्या साऱ्या वर्षाचा निवाडा मी अर्ध्या तासात, दोन-दोन शब्दांत करून टाकीत असे. त्यांतले बहुतेक शेरे मी विसरलो. एक विसरता येत नाही.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावी मी प्राथमिक शिक्षक होतो. १९९८ साली माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्याच वर्गात माझी मुलगी होती आणि तिच्या शेजारी बसणारी तिची एक मैत्रीण. मैत्रिणीचे आईबाप ऊसतोडीला जात. आमच्याकडे दसरा उलटला की गाव निम्मे रिकामे होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक 'कोयता' होतात आणि सांगली-कोल्हापूरकडच्या फडांवर जातात. दिवाळी तिकडेच, कोपीत होते. कारखान्यांचा हंगाम आटोपला की उन्हाळ्यात माणसे परततात.

त्या वर्षी सहामाहीत या मुलीचा पहिला नंबर आला, माझ्या मुलीचा दुसरा. खोटे कशाला सांगू, मला ते थोडे लागले. माझ्या घरी पुस्तके होती. मुलीची आई मॅट्रिक झालेली, रोज तिन्हीसांजेला पाढे म्हणून घेणारी. त्या घरी अक्षर ओळखणारे दुसरे कोणी नव्हते. मग हा नंबर आला कुठून?

खरे तर उत्तर मला पावसाळ्यातच मिळाले होते. मी ते ओळखले नव्हते. एका संध्याकाळी त्यांच्या दारावरून जात होतो. मुलगी चुलीच्या उजेडात मोठ्याने धडा वाचीत होती आणि आई भाकरी थापता थापता ऐकत होती. मध्येच आई म्हणाली, "अडखळलीस. परत वाच."

मी थबकलो. विचारले, "बाई, तुम्हांला कसे कळले?"

ती लाजून हसली. "मला काय कळतंय, गुरुजी? पर न अडखळता वाचलं म्हंजी खरं असंल."

दसऱ्यानंतर आईबाप गेले. मुलगी आजीपाशी राहिली. आजीला नीट ऐकू येत नसे. पाणी भरणे, धाकट्या भावाला सांभाळणे, शेळीला चारा घालणे, सारे त्या पोरीवर आले. वार्षिक परीक्षेत ती एकोणिसावी आली आणि माझी मुलगी पहिली. मी शेरा लिहिला : 'हुशार आहे, पण अभ्यासात सातत्य नाही.'

१ मे १९९९ ला निकाल लागला. चार-सहा दिवसांनी तिची आई शाळेत आली. हातात प्रगतिपुस्तक होते. शेरा तिने कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

"गुरुजी, सातत्य म्हंजी काय?"

"रोज, न चुकता, नेमाने करणे."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग ते माझं चुकलं. सहा महिने ऐकाया मी न्हवते. तिच्या नावावर कशाला लिवलं?"

तिने शाई मागितली, पालकाच्या सहीच्या जागी अंगठा उठवला आणि ती निघून गेली. स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते.

पुढे मी वाचले की १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी फार मोठी पाहणी करून असा निष्कर्ष काढला होता, की मुलांच्या यशात शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे हे त्याच्याही आधी ओळखले गेले होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढले, कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात. शाळा काढून भागत नाही. ज्याच्या घरी दिवा नाही आणि विचारणारे कोणी नाही, त्याला घरही द्यावे लागते, हे त्यांना कळले होते. मला, शिक्षकाच्या मुलाला, ते कळले नव्हते. माझ्या स्वतःच्या आणि माझ्या मुलीच्या गुणांत घरचे गुण किती, ही बेरीज मी कधी तपासलीच नव्हती.

त्या मुलीची शाळा सातवीनंतर सुटली. पुढे लग्न होऊन तिचाही 'कोयता' झाला, असे कानावर आले.

आता आमच्या भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप फडावर गेले तरी मुले गावात राहून शाळा करतात. जेवणखाण मिळते. निवृत्त झाल्यापासून दिवाळी सरली की मी संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. शिकवीत नाही. मुले एकेक करून मोठ्याने वाचतात आणि मी ऐकतो. कुणी अडखळले तर म्हणतो, "परत वाच." शेरा लिहायचा नसतो, त्यामुळे ऐकणे नीट होते.