मिटणारा डोळा

रेडिओ दुरुस्त करायला घेतला तेव्हा तो बोलत होता, ही गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. बंद पडलेले यंत्र सुरू करण्याचे श्रेय मला मिळण्यासारखे नव्हते; बोलत्या यंत्राला मी मुके केले, आणि मग त्याला पुन्हा बोलते करण्यासाठी नऊ दिवस घालवले.

वडिलांनी हा व्हॉल्वचा रेडिओ माझ्या जन्माच्या आधी घेतला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचे कापड, काचेच्या पट्टीवर कोलंबोपासून लंडनपर्यंतची नावे, आणि उजव्या कोपऱ्यात तो हिरवा डोळा. केंद्र नीट लागले की त्या डोळ्यातली काळी फट मिटत येते. लहानपणी मला वाटे की आत कोणी बसलेले आहे आणि गाणे आवडले की ते डोळे मिटून घेते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. वडील गेल्यावर आईने तो दंडक मोडला नाही, फक्त बातम्यांचे तिला काही सोयरसुतक उरले नव्हते. ती रेडिओ लावून भाजी निवडत बसे. आवाज क्षीण झाला होता आणि त्यामागे एक अखंड घरघर होती.

ती घरघर मला सहन होईना. वाचून, विचारून एवढे कळले होते की दोष जुन्या कंडेन्सरांचा असतो. वीजपुरवठा गाळून सपाट करणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, मग घरघर येते. मेणकागदाचे कंडेन्सर दमट हवेत वीज गळू देतात. त्यातला एक जर शेवटच्या ईएल 84 या व्हॉल्वच्या ग्रिडशी असेल, तर तिथे नको ते धन दाब पोचतो आणि व्हॉल्व तापून आयुष्य गमावतो. म्हणजे माझा हेतू वाईट नव्हता. तपकीर गल्लीत जाऊन नवे कंडेन्सर आणले. तिथेच एका वृद्ध मेकॅनिकांची गाठ पडली. त्यांनी यादी पाहून दोन गोष्टी सांगितल्या. "मेणाचे बदला, अभ्रकाच्यांना हात लावू नका. आणि एक बदलला की सेट लावून ऐका, मगच दुसरा."

मी दोन्ही ऐकले नाही. एका रविवारी सकाळी बसलो आणि संध्याकाळपर्यंत सतरा कंडेन्सर बदलले, त्यांत अभ्रकाचे दोन धडधाकट कंडेन्सरही गेले. आता हात घातलाच आहे तर सगळेच नवे असू दे, हा तो मोह. जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्याला होत असावा तसा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अनेक प्रती समोर ठेवून पाठ ताडून पाहिले, असे आपण शाळेत शिकतो. मी मूळ प्रतच कापून बादलीत टाकत होतो.

संध्याकाळी शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये जोडून सेट लावला. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. व्हॉल्व एकेक करून तांबूस झाले. डोळा हिरवा झाला. घरघर गेली होती, आणि तिच्याबरोबर बाकी सगळेही गेले होते.

आई दाराशी उभी होती. "झाला का रे?" तिने विचारले. मी म्हणालो, थोडे राहिले आहे. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रेडिओ लावून पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी पेटीवर विणलेला रुमाल घातलेला दिसला. त्या रुमालाचे मला जेवढे लागले तेवढे ती चार शब्द बोलली असती तर लागले नसते. नव्वदीकडे झुकलेल्या बाईच्या घरातला एक आवाज मी बंद केला होता, आणि त्याला कारण होती माझी हौस.

मग शोध सुरू झाला. डावा हात खिशात घालून उजव्याने मोजमाप करायचे, हा या धंद्यातला जुना नियम. आत अडीचशे व्होल्ट असतात आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत हृदय असते. मुख्य दाब 245 व्होल्ट, ठीक. ईएल 84 च्या कॅथोडवर 7 व्होल्ट, म्हणजे व्हॉल्वमधून प्रवाह वाहतो आहे, ठीक. त्याआधीच्या ईबीसी 81 च्या ग्रिडला पेचकसाचे टोक लावून त्यावर बोट ठेवले, तर स्पीकरमधून भोंग्यासारखा आवाज आला. तिथून पुढे सर्व जिवंत. पण आवाजाच्या बटणाच्या वरच्या टोकाला तसेच केले, तर जेमतेम कुजबुज. दोष या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे असे मी ठरवले. मधला कंडेन्सर पुन्हा बदलला, बटणही बदलले. चार दिवस त्यात गेले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी ओशाळून तपकीर गल्लीत गेलो. काकांनी रागावायला हवे होते, पण ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "केंद्रावर आलं की डोळा मिटतो का?"

मी आठवून पाहिले. मिटत होता. नऊ दिवस तो माझ्यासमोर मिटत आणि उघडत होता आणि मी त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत होतो.

"मग त्याला ऐकू येतंय," काका म्हणाले. "डायोडपर्यंत सगळं पोचतंय. त्याच्यानंतर ते कुणीतरी पितंय. अभ्रकाच्या जागी काय घातलंत?"

घरी येऊन भिंग घेतले. डायोडनंतर, आवाजाच्या बटणाच्या टोकापासून चासिसपर्यंत 100 पिकोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर असतो. वहनलहरीचा उरलासुरला अंश तेवढा त्याने जमिनीत सोडायचा असतो, बोलणे पुढे जाऊ द्यायचे असते. हल्लीच्या कंडेन्सरवर किंमत सांकेतिक लिहितात: पहिले दोन अंक तसेच, तिसरा अंक म्हणजे पुढची शून्ये. 101 म्हणजे शंभर. मी लावलेल्या मसुराएवढ्या चकतीवर 104 होते. एक लाख. हजारपट मोठा कंडेन्सर शब्द, गाणी, बातम्या सारे जमिनीत सोडून देत होता. स्पीकरच्या कापडाला कान लावला तेव्हा विहिरीच्या तळाशी कोणी बोलल्यासारखी गुणगुण ऐकू आली. ती पहिल्या दिवशीही असणार.

बादली मी रिकामी केली नव्हती, हे नशीब. त्यातून तो जुना अभ्रकाचा कंडेन्सर शोधला, मोजला. साठ वर्षांनंतरही 100 ला चिकटून होता. त्याच्या तुटक्या पायांना तार जोडून डाख दिला.

रेडिओ तापायला अर्धा मिनिट लागतो. मग एक गृहस्थ कांद्याच्या रोपांवरच्या करप्याबद्दल बोलू लागले, इतके स्पष्ट की मी दचकलो. आई रुमाल घडी करत बाहेर आली आणि बराच वेळ उभी राहून ऐकत राहिली.

"त्याच्या मागे ते घर्र व्हायचं ते कुठे गेलं?" तिने विचारले.

मी कंडेन्सर, गाळणी वगैरे समजावू लागलो. "बरं, बरं," ती म्हणाली. "पण आता लांबूनच कुणाचा तरी रेडिओ ऐकल्यासारखं वाटतं." मग खुर्ची जवळ ओढून बसली आणि आवाज थोडा वाढवायला सांगितला.

काढलेले मोठे कंडेन्सर मी एका डब्यात ठेवले आहेत. ते परत बसवता येण्यासारखे नाहीत.