ओसरीवरची जागा

आमच्याकडं म्हातारपणाची तयारी करायची पद्धतच नव्हती. ते आपल्या पावलांनी यायचं आणि आलं की त्याला बसायला जागा तयार असायची. औसा तालुक्यातल्या आमच्या वाड्यात ती ओसरीच्या डाव्या खांबाशी होती. पणजोबा गेले, तिथं आजोबा बसले. घोंगडी तीच, अडकित्ता तोच. येणाऱ्या-जाणाऱ्यानं "राम राम तात्या" म्हणायचं, तात्यांनी "कोणत्या गावचे पाव्हणे?" विचारायचं, मग कुठून तरी सोयरीक काढायची, आणि ती निघायचीच. आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. गावात कुणाकडं जुना कागद निघाला की तो वाचून घ्यायला माणूस आमच्या ओसरीवर येई. १९४८ ची पोलीस ॲक्शन होऊन किती तरी वर्षं लोटली, तरी त्या उर्दूमुळं त्यांचं वजन गावात टिकून होतं. रब्बीला कोणत्या पट्टीत ज्वारी आणि कोणत्या पट्टीत करडई, हे ओसरीवर ठरायचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची कोप उभी राहिली, पांडवांची पूजा झाली, की आंबिलीचा पहिला घोट आजोबांचा. त्यानंतर भज्जी, उंडे आणि पंगत.

असल्या आठवणींनी गळा दाटून येतो तो बहुधा पुरुषांचा. कारण त्याच वाड्यात आज्जीची जागा चुलीपाशी होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी भाकरी थापणं चालूच. काठ दिसत नसे, बोटांनी चाचपून गोल करायची. फुंकणीनं विस्तव फुलवताना खोकल्याची उबळ यायची, ती ओसरेपर्यंत थांबायची आणि पुन्हा पिठात हात घालायची. "आता बस झालं, माय" असं तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माहेरी जायचं तर आजोबांना विचारून, आजोबा गेल्यावर थोरल्या काकांना विचारून. पदराच्या गाठीला चार नाणी, तीही नातवंडांच्या गोळ्यांसाठी.

शिवाय म्हातारं होईपर्यंत टिकणारेच थोडे. १९७०-७५ च्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान पन्नासच्याही आत होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. पण ओसरीवरच्या म्हाताऱ्याला एवढा मान का मिळायचा, याचं थोडं उत्तर त्याच्या दुर्मीळपणातही असावं, असं मला वाटतं. आणि जमिनीत. सातबारा ज्याच्या नावावर, त्याची घोंगडी कोण उचलणार? आमच्या सालगड्याच्या बापाला कुठली आली ओसरी!

मग ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात माळवदं खाली आली; ज्या मातीच्या थरांनी उन्हाळ्यात गारवा दिला, त्यांच्याखालीच माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसली. नव्या गावांत रस्ते रुंद, सरळ. घरं पक्की आणि सुटी सुटी. भिंतीला भिंत लागत नाही, म्हणून दारात बसलं तर समोर रिकामी जागाच जास्त. भूकंपानंतर काही वर्षांनी अशा एका गावात गेलो होतो. एसटीच्या थांब्याची शेड म्हाताऱ्यांनी भरलेली. म्हटलं, गाडी कधीची आहे? एक बाबा म्हणाले, "आमाला कुटं जायचंय?" बसायला जागा नव्हती, ती त्यांनी शोधून काढली होती, एवढंच.

असं जागा शोधणं आता शहरातल्यांच्याही वाट्याला आलंय. लातुरात खाडगाव रोडला माझे मावशी आणि काका राहतात. काका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि "उर्वरित आयुष्य सुखाचे जावो". (हे "उर्वरित" निरोप समारंभातून कुणी तरी काढून टाकायला हवं.) मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत. वरच्या मजल्यावर 'लातूर पॅटर्न'ची चार पोरं भाड्यानं. स्वतःची पोरं शिकून बाहेर गेली आणि त्यांच्या खोल्यांत मुखेड, देगलूर, अहमदपूरची लेकरं नीटच्या तयारीला आली, हा लातुरातल्या कितीतरी घरांचा प्रकार. नांदेडातल्या क्लासेसच्या आसपासही तेच. मावशी त्या पोरांना जेवलात का विचारते, येळवशीला डबा भरून देते, ताप आला तर गोळी देते. भाडं बँकेत जमा होतं, ते मावशीच्या खात्यावर. हा मुद्दा तिनं घर बांधतानाच लावून धरला होता.

मावशीचं म्हातारपण मस्त चाललंय. भजनी मंडळ, भिशी, सकाळी नाना-नानी पार्क. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई चालूच आहे. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर एसटी फुकटच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती बंदच, यावर मंडळात रोज एकदा तरी बोलणं होतं. अवघड झालं ते काकांचं. वर्षानुवर्षं घंटा वाजली की उठायची सवय. आता घंटाच नाही. पहिले काही महिने ते भाडेकरू पोरांना गणित शिकवू पाहत होते. पोरं नम्रपणे टाळत. मग पेपर दोनदा वाचून झाला की काका फाटकाशी उभे. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचं काम तेवढं हक्काचं. आता तोही मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, म्हणजे बँकेतली ओळखीची गर्दीही गेली. अर्थात त्यांना पेन्शन तरी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या मास्तरांना जुनी पेन्शन लागू नाही. त्यांनी आत्ताच हिशेब मांडायला बसावं.

हिशेबात घराचा कागदही येतो. २०२० च्या नोव्हेंबरात लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला की जो कर्मचारी आईबापाला सांभाळत नाही, त्याच्या पगारातले तीस टक्के कापून त्यांच्या खात्यावर टाकायचे. पुढच्याच महिन्यात काही जणांची कपात सुरूही झाली. तक्रारी झालेल्यांत शिक्षकही होते. काकांनी ती बातमी कापून ठेवलीय. मुलगा चांगला आहे, तरी काकांनी घराचं बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र केलं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण ते सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असलं पाहिजे, आणि पोराच्या तोंडावर अशी अट कागदात लिहायला कोणत्या बापाचा हात धजतो? आमच्या आजोबांना यातलं काही करावं लागलं नाही. त्यांनी घोंगडी टाकली आणि बसले.

नांदेडला आमच्या कॉलनीतल्या निवृत्तांचा एक कंपू पहाटे फिरतो. रस्ता ठरवताना एकाचं नेहमीचं, "गोवर्धन घाटाकडं नको, तिकडं एकदाच जायचंय." स्मशानभूमी तिकडंच. त्यांच्यात कोण कार्यकारी अभियंता होता, कोण तलाठी, हे आता निघत नाही. कुणाची साखर किती, हे निघतं. एकानं साठीनंतर पोहायला शिकून घेतलं, एक पेटी शिकतोय आणि शेजारी सहन करताहेत. मी काकांना म्हटलं, तुम्हीपण काही धरा. त्यांनी मनावर घेतलं नाही.

शेवटी मावशीनंच घेतलं. मंडळाचं माहूर ठरलं, मुक्कामाचं. काका म्हणाले, "अगं, पण जेवणाचं?" "अहो, तांदूळ डब्यात, डाळ शेजारी. कुकर लावा. नाही जमलं तर वरच्या पोरांना विचारा, त्यांना येतो," असं म्हणून ती गेलीसुद्धा. दुपारी गडावर तिचा फोन वाजला. पायऱ्या चढता चढता तिनं घेतला. चार शिट्ट्या झाल्या होत्या आणि बंद कधी करायचा, ते त्यांना कळत नव्हतं.