भावकीतला ज्वालामुखी

मॉरिशसमध्ये मराठी माणसे राहतात, गणपती बसवतात, हे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांची ही पतवंडे. पण त्या बेटाचा आणि आमच्या घरातल्या एका भांडणाचा काही संबंध असेल, असे कोणी म्हटले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

भांडण विहिरीचे. १९९२ साली अण्णांनी शेतात विहीर काढली. (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आमचा जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली.) पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. तीन परस मुरूम निघाला आणि मग काळा कातळ लागला. सुरुंग उडाले, भाड्याची यारी आली, आईच्या पाटल्या गेल्या. सात परसांवरही तळ कोरडाच! आणि बांधापलीकडे, शंभर पावलांवर, नानांच्या विहिरीवर भर वैशाखात मोटार चालू. नाना म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. त्यांनी आपला झरा फोडून तिकडे वळवला, असे अण्णांनी ठरवून टाकले. बोलणे बंद झाले. दिवाळीच्या फराळाची ताटे थांबली. नानांच्या मुलीच्या लग्नाला आमच्या घरातले कोणी गेले नाही. ती माझ्याच वर्गात होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक भरीत-भाकरीसाठी गावी आले. जेवणानंतर फिरता फिरता ते दोन शेतांमधल्या दगडी धारेवर चढले. या धारेवर आम्ही लहानपणी बोरे वेचायचो. तिच्याकडे निरखून कधी पाहिले नव्हते.

"सर, ही टेकडी नव्हे, भिंत आहे!" ते म्हणाले.

मग तिथेच, उन्हात, त्यांनी तास घेतला. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुरकट शेंड्याचा डोंगर येतो. आपल्याकडे तसे झाले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि शिलारस थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली. जो रस भेगांमध्येच थिजला, त्याच्या उभ्या भिंती झाल्या. भोवतालचा मऊ थर झिजला, भिंती उरल्या. नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेंहून अधिक भिंती मोजल्या गेल्या आहेत.

"आणि गंमत म्हणजे भट्टी अजून पेटलेली आहे," ते म्हणाले. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते भट्टी जागेवरच राहिली आणि तिच्यावरून आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली. मागे समुद्रात त्याच भट्टीतून मॉरिशस वर आले, मग रियुनियन. मॉरिशस आता थंड आहे. तिथल्या क्युरपिप शहरात ज्वालामुखीचे जुने मुख नुसते पाहायचे. शेजारच्या फ्रेंच रियुनियनवरचा पितों द ला फूर्नेझ मात्र अजूनही शिलारस ओकतो. घरी येऊन मी नकाशा उघडला. नंदुरबार विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर, रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर!

मॉरिशसच्या मजुरांनी ऊस लावण्यासाठी शेतातले काळे दगड वेचून जे ढीग रचले, त्यांची छायाचित्रे मी नंतर पाहिली. आमच्या विहिरीच्या काठावर आजही तसाच एक ढीग आहे.

पण मला खरे खुपले ते त्यांचे शेवटचे वाक्य. अशी भिंत जमिनीखालचे पाणी अडवते. चढाच्या बाजूला साठा, उताराची बाजू कोरडी. चढाकडे शेत नानांचे, उताराकडे आमचे.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना मी धारेपाशी नेले आणि सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एक अक्षर काढले नाही. काठीने दगडावर दोन-तीनदा ठोकून पाहिले.

"म्हणजे नानाने काही केले नाही?"

"नाही, अण्णा."

बराच वेळ ते पलीकडच्या हिरव्या शेताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तूच जाऊन सांग त्याला. मी गेलो, तर म्हणेल, पाणी मागायला आला."

पाडव्याला जायचे ठरवले आहे. बायकोने फराळाचे ताट आतापासून काढून ठेवले आहे. काय बोलायचे, ते मात्र मला अजून सुचलेले नाही.